सहा तास चाळीस मिनिटं

"चार तास लिव्ह," हे म्हणाले.

अर्ज माझा, पाय माझे आणि वेळ सांगणार हे.

रविवारची सकाळ होती. मॅरेथॉनचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. नाव उज्वला, वय एकोणपन्नास, नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स, रक्तगट, सगळं भरून झालं होतं. अडला होता एकच रकाना. बेचाळीस किलोमीटर किती वेळात धावाल? आमची राजलक्ष्मी मोबाइल धरून ताटकळली होती.

"चार कुठून काढलेत?" मी विचारलं.

"पंधरा ऑगस्टला सोसायटीत पाच किलोमीटर पळालीस की अर्ध्या तासात. पाचाला अर्धा, चाळीसाला चार. सरळ हिशोब हाय."

"आणि वरचे दोन?"

"ते जातंय हिकडं तिकडं."

"आई, ॲप पण चार अठ्ठेचाळीस दाखवतंय," राजलक्ष्मी म्हणाली.

"ॲपला म्हणावं, पळायला ये माझ्याबरोबर."

मागच्या महिन्यात मी पामबीच रोडवर बत्तीस किलोमीटर पळाले होते. चार तास पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागलं, आणि एका बाळाच्या आजीने मला विचारलं, "सिस्टर, तुम्हालाच काही झालंय का?" इतकं सगळं माहीत असताना मी चार तास कसे लिहू?

"सहा चाळीस लिही," मी म्हणाले. "सात तासांनी रस्ता गाड्यांना सोडतात. मागे राहिलेल्यांना बसमध्ये घालून आणतात. त्याच्या आत पोचले म्हणजे झालं."

"सहा चाळीस? तेवढ्यात माणूस चालत जातंय."

"मग तुम्ही चाला. मी बघते."

हे गप्प झाले. ह्यांचं गप्प होणं मला सत्तावीस वर्षांपासून माहीत आहे. काहीतरी करून ठेवलेलं असतं.

"मी शब्द देऊन बसलोय," शेवटी म्हणाले.

"कुणाला?"

"टोळीला."

टोळी म्हणजे कांदा-बटाटा मार्केटातली ह्यांची हमालांची टोळी. ह्यांनी मोबाइल पुढे केला. फ्लेक्स होता. 'अवघ्या चार तासांत मॅरेथॉन सर करणाऱ्या सौ. उज्वलावहिनींचे हार्दिक अभिनंदन.' खाली सोळा जणांचे फोटो, बहुतेकांना गॉगल. माझा फोटो कोपऱ्यात, रेशनकार्डावरचा.

"अहो, अजून सव्वा महिना आहे."

"छापणाऱ्याकडं ऐन टायमाला गर्दी असती." मग जरा दबकत, "सहाला सुटणार ना तुमी? समदी दहाला हार घेऊन येणार हायत."

मी कपाळाला हात लावला. "चार तासांच्या वेगाने सुटले तर पंचविसाव्या किलोमीटरला आडवी होईन. मग तुमचे हार बसमध्ये येऊन घाला."

"मनात आणलं की हुतंय."

सोसायटीतल्या रनिंग ग्रुपचा केतनही हेच म्हणतो. पॉझिटिव्ह राहा, काकू. सगळ्यांना माझ्या मनाची काळजी, गुडघ्यांची कुणालाच नाही. माझं बी. ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, शिवणाचा क्लास सुटला, गाडी शिकायला गेले ती तिसऱ्या गिअरपर्यंत. दर वेळी कारण घरातलंच. ह्या वेळी मला पुढे यायचं नव्हतं. शेवटपर्यंत जायचं होतं.

"ट्रकात गोण्या किती असतात?" मी विचारलं.

"तीनशे म्हन."

"पहिल्या पन्नास उतरवायला जेवढा वेळ, तेवढ्यातच शेवटच्या पन्नास उतरतात?"

ह्यांचा हात नकळत कमरेकडे गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय विचारून बसले ते.

तीन वर्षांपूर्वी नव्या पोरांच्या बरोबरीने ट्रक खाली करायचा म्हणून हे ईर्ष्येला पेटले आणि मध्येच गोणीखाली बसले. उरलेला ट्रक टोळीने उतरवला. तेव्हापासून हे वजनकाट्यापाशी खुर्चीवर असतात. त्या दिवसाचा विषय आमच्या घरात निघत नाही.

राजलक्ष्मीने मोबाइल मांडीवर ठेवला.

"समदी म्हंत्यात दोनशे दहाला बसला," हे खिडकीकडे बघत म्हणाले. "दोनशे अकरावी उचलली हुती मी. पाठीवर घेतली हुती. पाऊल पडंना."

 

"लिव्ह गं," हे राजलक्ष्मीला म्हणाले. "आई सांगती ते."

तिने लिहिलं, अर्ज पाठवला. हे उठून गॅलरीत गेले. टोळीच्या मुकादमाला, पोपटरावांना, फोन लावला.

"पोपटराव, दहाला नका येऊ. पाऊण वाजता या. हां, दुपारी पाऊण."

पलीकडचं हसू मला आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. ह्यांनी ते पूर्ण होऊ दिलं.

"हसा की," मग म्हणाले. "पर या. ऊन आसंल, टोप्या घालून या."