कानातला हुकूम

“दादा, उद्या साहेबांनी टँक दिल्लीवर घालायला सांगितला, तर तुमी घालाल का?”

कचरू दफादारांच्या हातातला ब्रश बुटावर क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

“टँक रेल्वेनं न्यावा लागतो,” ते लेकीला म्हणाले. “इतक्या लांब चाकांवरचं पट्टं टिकत न्हाईत.”

“चेष्टा नका करू ना!”

ते चेष्टा करत नव्हतेच. लढाई संपून सव्वा वर्ष होत आलं होतं. आघाडीवरून त्यांची बदली भिंगारच्या कँपात झाली होती, नव्या पोरांना टँक चालवायला शिकवण्यासाठी. आता ते रोज घरी जेवायचे. विचाराल तेवढंच बोलायचे, तेही सायकलचे सुटे भाग मोजून ठेवावेत तसं. लढाईत काय झालं, हे तेवढं घरात कुणी विचारलं नव्हतं.

चांगुणाचं उलटं होतं. अकरावीत गेल्यापासून तिला कंठ फुटला होता. उद्या शाळेत वादविवाद होता, विषय ‘देशाला लष्करी राजवट हवी’. दुष्काळानं टेकीला आलेली, तांबड्या मिलो ज्वारीसाठी रेशनच्या रांगेत ताटकळणारी माणसं रोज हेच म्हणायची की मिलिटरी आणा, समदे सुतासारखे सरळ होतील. चांगुणा विरुद्ध बाजूनं बोलणार होती, आणि शेवटचं वाक्य तिनं असं काही बसवलं होतं की तालमीत बाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या: ‘इथे तसं कधीच घडणार नाही, कारण रणगाड्यात माझे वडील बसले आहेत!’

टाळ्या थांबल्यावर तिची मैत्रीण लंका म्हणाली होती, “चांगे, पन तू त्यांना इचारलं का कधी?”

“इचारायचं काय त्यात?”

“मंग इचारून दाखव,” छबूनं री ओढली. “का फाटली?”

चांगुणा आजवर कुठली पैज हरली नव्हती.

“सांगा की, दादा. घालाल का न्हाई?”

“दिल्ली म्हनून कोन सांगतंय?” दादा म्हणाले. “नुसतं सरळ म्हनत्यात.”

तिच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलं नाही हे त्यांना दिसलं असावं. ते उठले. अंगणातल्या दोरीवरची वाकळ ओढून त्यांनी तिच्या डोक्यावरून कमरेपर्यंत सोडली आणि डोळ्यांपुढं दोन बोटांची फट ठेवली.

“वरचं झाकन लावलं की डायवरला एवढंच दिसतं. बाकी समदं कानात. कमांडर बोलंल तसं जायचं.”

“एवढंच ना!” वाकळीतून चांगुणा खिदळली. फटीतून भिंतीचा चुना आणि वरचं पांढरं ऊन तेवढं दिसत होतं.

“चल. डावं. आनखी डावं. आता सरळ.”

परेडमधल्यासारखे गुडघे उचलत ती निघाली. आवाज मागून येत होता, एकसारखा, ना चढा ना उतरता. त्याच्या मागं जायला, म्हणजे खरं तर त्याच्या पुढं पुढं जायला, छान वाटत होतं. काही ठरवावं लागत नव्हतं.

“अगं ए बये! खारोड्या!” दारातून आई ओरडली.

पायाखाली काहीतरी ओलं, मऊ लागलं.

“सरळ,” आवाज म्हणाला.

ती चार पावलं आणखी गेली.

“थांब.”

तिनं वाकळ काढली. आईनं सकाळपासून जुन्या लुगड्यावर बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मधोमध तिची पावलं उमटली होती, टाचेसकट, अगदी ओळीत. आई, भिमाबाई, हातात पातेलं घेऊन उभी होती. ती लेकीकडं बघत नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

“आई वरडली ते ऐकू आलं?” दादांनी विचारलं.

“आलं.”

“पायाला लागलं?”

“व्हय.”

“मंग?”

“तुमी थांब म्हनला न्हाईत.”

दादांनी वाकळीची नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

“तिकडं लढाईत मलाबी ऐकू आलं हुतं,” ते म्हणाले. “मीबी सरळच गेलो.”

मग ते खाली बसले आणि दुसरा बूट पुढं ओढला.

चांगुणा आईशेजारी उकिडवी बसली. चेंगरलेलं पीठ दोघी बोटांनी वेगळं करू लागल्या. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. बोटांच्या बेचक्यातलं पीठ वाळून कातडी ओढत होतं, तेवढं कळत होतं. पलीकडं ब्रश चालला होता. आईनं लुगडं झटकलं, पुन्हा अंथरलं, वाचलेल्या खारोड्या एकेक करून मांडल्या.

चांगुणा हात धुऊन घरात गेली. बऱ्याच वेळानं वही घेऊन बाहेर आली.

“दादा, उद्या भाषनात मी तुमचं नाव घेनार न्हाई.”

ब्रश थांबला नाही. भिमाबाईनं मात्र वर बघितलं.

“मंग काय, मिलिटरी आना म्हननार?”

“न्हाई. बाजू तीच.” चांगुणानं वही छातीशी धरली. “फकस्त ‘कधीच घडणार नाही’ हे खोडलं, अन् दादांच्या जागी माझं नाव टाकलंय. आई वरडली तरी मी थांबले न्हाई, हे सांगनार हाय मी. समद्या शाळेला.”