वाइन रंगाचा गाऊन

सुवर्णाने जन्मात काठपदराच्या साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नव्हतं. सिडकोतल्या शेजारणी पंजाबी ड्रेसवरून जीन्सवर गेल्या, ही आपली सुती साडीत सुखी. पण भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला भावजय उज्वला मैत्रिणींना म्हणाली, "ह्या आमच्या ताई. पक्क्या काकूबाई!" सुवर्णाही तोंडाची तिखट. शब्दाने शब्द वाढला आणि निफाडचं माहेर तुटलं ते तुटलंच.

आता भाऊ मनोज लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः दारात आला. "उज्वलानंच धाडलंय. आधी ताईची ओटी भरणार, मग वेदिकाची पाठवणी, म्हणती."

आई कुसाबाई विधवा, तिच्या हातची ओटी लोकांना चालत नाही. माहेर पुन्हा जोडायचं तर ते उज्वलाच्याच हातून. मनोज गेल्यावर सुवर्णा स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

तरी ते 'काकूबाई' काही डोक्यातून जाईना. मोबाइलवर तर रोज कुणाच्या ना कुणाच्या आत्या, मावश्या गाऊन घालून गरागरा फिरत होत्या. मेन रोडच्या दुकानात पोरीने वाइन रंगाचा गाऊन तिच्या अंगाला लावून दाखवला, खांद्यांवर चमकीची जाळी शिवलेली. आरशातली बाई कुणी वेगळीच होती आणि सुवर्णाला ती भारी आवडली. "तुला साडीच शोभते गं," नवरा योगेश म्हणाला. झालं! मग तर तिने तो घेतलाच.

लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच पहिली नजर उज्वलावर गेली. नऊवारी, नथ, हातभर हिरवा चुडा. यंदा म्हणे तीच फॅशन. मान ताठ ठेवून सुवर्णा खुर्चीत बसली आणि काखेत टोचणारी जाळी गुपचूप सोडवत राहिली.

लग्न लागलं, जेवणं झाली. माहेरवाशिणींना ओळीने बसवलं. उज्वला ताट घेऊन सगळ्यांत आधी तिच्यापुढे आली. डोळे भरलेले. "झालं गेलं सोडा, ताई. पदर धरा."

सुवर्णाचा हात सवयीने खांद्याकडे गेला. जाळी ओढून पाहिली, पण ती शिवलेली, मांडीपर्यंत येईना. कुणीतरी खुसखुसलं. "ओढणी तरी हाय का?" उज्वलाने विचारलं. नव्हती. तांदूळ-नारळ उज्वलाच्या ओंजळीत तसेच राहिले.

तेवढ्यात कुसाबाई पुढे आली. तिने स्वतःचा विटका पदर पसरला. "माझ्या पदरात टाक. मी देते तिला."

उज्वला झटकन मागे सरली. "आई, तुम्ही नका येऊ मधी! शुभकार्य हाय."

सगळा हॉल बघत होता. म्हातारीने पदर गोळा केला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. उज्वलाचा चेहरा पार उतरला. ती पुढच्या माहेरवाशिणीकडे वळली. सुवर्णाच्या वाटणीचे तांदूळ-नारळ नंतर कुणीतरी कॅरीबॅगेत घालून आणून दिले.

निघताना ती आईच्या पाया पडली. कुसाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. "माझंच चुकलं, पोरी. मी मधी कडमडले, म्हणून तुझी ओटी राहिली."

तुझं नाही गं, माझं चुकलं, एवढं बोलायचं होतं. आजूबाजूला बायका उभ्या होत्या. सुवर्णा पिशवी घेऊन जिना उतरली.