भाऊजींना पाठवलेलं पत्र

विमा कंपनीची पत्रं इंग्रजीतून स्वीडिशमध्ये उतरवणं हे धाकटीचं काम. 'सॉरी फॉर युअर लॉस' लिहिलं, की संगणक कंपनीचा ठरलेला मजकूर आपोआप बसवायचा: 'बेक्लागार सोर्येन', म्हणजे तुमच्या दुःखाबद्दल खेद वाटतो, आणि खाली कागदपत्रांची मागणी.

ताई गेल्याचं तिला कामावरच कळलं. दोघींत सात वर्षं अबोला होता, तोही धाकटीनेच धरलेला. ताईच्या नवऱ्याला फक्त स्वीडिश यायची. डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं दिसेना, तरी हाताच्या सवयीने कामाच्याच संगणकावर तीच इंग्रजी ओळ लिहून तिने भाऊजींना पाठवून दिली.

तासाभराने उत्तर आलं: 'आभारी आहे. मृत्यूचा दाखला सोमवारी पाठवतो.'

"अगं, पाठवण्याआधी वाचायचं तरी!" शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"रोज कुठे वाचते मी?"

तिने घाईघाईने फोन लावला. "भाऊजी, ते पत्र कंपनीचं नव्हतं हो. मी धाकटी बोलतेय."



"शेवटच्या आठवड्यात दारावरची बेल वाजली, की ती तुझंच नाव घ्यायची," भाऊजी म्हणाले. "मग मी बेलच काढून ठेवली."