शुक्रवारची गोळी

"ताई, इथं तर कुलूप आहे!"

फोनवर ट्रकवाला होता. क्षयाचा आजार, पाचवा महिना. एकशे एकोणचाळीस दिवसांत एकही गोळी चुकली नव्हती, आणि नर्सताईंनी त्याची फुशारकी अख्ख्या दवाखान्यात मारली होती.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दवाखान्यांचा करार साधा. औषध नाक्यापार जास्तीचं न्यायचं नाही. माणूस पलीकडे गेला की तिथला दवाखाना त्याला आपला मानणार. म्हणून ताईंनी गुरुवारपर्यंतच्याच गोळ्या बांधून दिल्या. "शुक्रवारी मावशींकडून पुढच्या घे," असं बजावलं. मावशी म्हणजे पलीकडची नर्स. तीन वर्षांची ओळख, तीही नुसत्या आवाजाची.

आणि आता ऐका गंमत. ताईंकडे सुट्टी रविवारची, पलीकडे शुक्रवारची. हे ताईंना पाठ होतं. पण पाठ असलेलंच ऐन वेळी दगा देतं.

"बाराला गाडी सुटते, ताई. मग तीन दिवस नुसता रस्ता."

साडेदहा वाजले होते. ताईंनी मावशींच्या घरी फोन लावला.

"अगं, केस धुतलेत मी!"

"मावशी, चूक माझी आहे. त्याचा खंड पडला तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

"तुझी एकटीची कशी? करारावर बारा साहेबांच्या सह्या आहेत. एकालाही सुट्टीचा वार सुचला नाही! ठेव फोन, किल्ली शोधू दे."

ताईंनी हात जोडले. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात ते भांडणापुरतं नाही. देवाच्या कामालाही दुसरा हात लागतोच.

पावणेबाराला पुन्हा फोन वाजला.

"मिळाल्या, ताई! आजची समोर गिळायला लावली, तोंड उघडून दाखवायला लावलं. वर ओरडाही खाल्ला."

"ओरडा कशाचा?"

"आधी फोन का केला नाहीस म्हणून! केसांतून पाणी गळत होतं हो त्यांच्या."

मागून मावशींचा आवाज आला, "सांग तिला, मीही पाठवीन कुणाला रविवारी!"

ताई खळखळून हसल्या. नोंदवहीत एकशे चाळिसावी खूण केली, भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे शुक्रवार लाल केले.

तेव्हापासून दवाखान्याची किल्ली रविवारीही ताईंच्या पर्समध्ये असते. आणि रविवारी केस धुवायचे ते भल्या सकाळीच.