बुधवारची पाळी

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे आणि सध्या मला माणसांचा वीट आला आहे. वय झालं म्हणून मी कुरकुरतंय, असं समजू नका. आधी ऐका, मग ठरवा.

मला घडवलं ते या घरातल्या बाबांनी. ते सुतार. लग्न ठरलं तेव्हा एका मोडीत निघालेल्या दाराच्या फळ्या जोडून त्यांनी मला उभं केलं. एक पाय आखूड राहिला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. आई अजून म्हणते, "जगाची टेबलं सरळ करतात आणि घरचं डुलतंय."

हे ख्रिस्ती कुटुंब. जेवणाआधी प्रार्थना व्हायची आणि तिचे वार वाटून दिलेले होते. बुधवार लेकीचा. तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिच्या तोंडाला विसावा नव्हता. देवाशीसुद्धा तिच्या गप्पाच चालत. बाबांचा गुडघा, ती काम करायची त्या दवाखान्यातले पेशंट, शेजारचं लंगडं कुत्रं, काही म्हणून सुटायचं नाही. बाबा एक डोळा उघडून म्हणत, "आमेन कर गं बाई, पोटात कावळे ओरडतायत." ती म्हणे, "थांबा हो, महत्त्वाचं राहिलंय."

एका सोमवारी कामावर निघालेली टकळी बसथांब्यावर कोसळली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय चोवीस.

दुसऱ्याच दिवशी दफन झालं आणि घरात माणसांची रीघ लागली. त्यांनी माझ्यावर ओले कप आपटले, ते मी सोसलं. पण त्यांची तोंडं कशी सोसायची? "चोविसाव्या वर्षी हार्ट? काहीतरी लपवतायत," एक बाई केक चघळत कुजबुजली. दुसरीने विचारलं, "कुणी मुलगा होता का?" आणि त्याच तोंडाने "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" म्हणत तिने आईच्या पाठीवरून तेलकट हात फिरवला. मला शिसारी आली. चार पाय असून एकही उचलता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी काय केलं असतं कोण जाणे.

बुधवार उजाडला. आईने एकच गोष्ट मागितली. "आजची पाळी तिची आहे. कुणी प्रार्थना करू नका. गप्प जेवू."

पण बाबांना ती शांतता झेपणार नव्हती. त्यांनी आईला न विचारता आपल्या थोरल्या भावाला प्रार्थना करायला सांगून ठेवलं होतं. हे काका म्हणजे चर्चच्या मंडळीतलं मोठं प्रस्थ.

"पाळी रिकामी ठेवणं म्हणजे देवावर रुसणं," काका म्हणाले.

"मग रुसलेय मी," आई म्हणाली.

काकांनी खुशाल डोळे मिटले. "हे प्रभू, आमची मुलगी तू नेलीस, आम्ही तुझे उपकार मानतो. तिच्या आईच्या मनातली कुरकुर दूर कर." असा खणखणीत आवाज, की शेजारच्यांनीही ऐकावं. उपकार! किळस वाटली मला त्या शब्दाची. सगळे आमेन म्हणाले. बाबाही म्हणाले.

आई उठली. तिने काकांपुढचं वाढलेलं ताट उचललं. "भाऊजी, तुम्ही आता घरी जा."

काका गेले. जाताना स्वतः आणलेला केकचा डबा काखोटीला मारून गेले.

पुढच्या बुधवारी जेवायला दोघंच होती. बाबांचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी मी आमेन म्हटलं," ते म्हणाले. "माझ्या तोंडून निघालंच कसं? तिची पाळी मीच दुसऱ्याला देऊन टाकली."

"ते देवाला सांगा," आई म्हणाली. "माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे."

बाबांनी हात जोडले. मग हळू आवाजात म्हणाले, "प्रभू, हिला रुसू दे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच ती म्हणाली, "आमेन."

मित्रांनो, ज्या आईची लेक गेली तिच्याकडून देवाचे आभार वसूल करायला जाऊ नका. तिला रुसू द्या. देवाचं त्याने काही बिघडत नाही.