तिसऱ्या वळणावरची शीळ

सिनेमाच्या पार्श्वसंगीताचं कौतुक मला सांगू नका. पंधरा वर्षं मी तेच जुळवत बसलेय. व्हायोलिनं किती चढवली की माणसं रुमाल शोधतात, हे माझ्या बोटांना पाठ आहे. मला नाही रडू येत. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले, तेव्हाही टिपूस आलं नाही. आणि दादा? तो संगीतकार पडला ना! त्याचं रेकॉर्डिंग होतं, तो आलाच नाही.

तोच दादा परवा नवं काम घेऊन माझ्या स्टुडिओत हजर. पडद्यावर एक म्हातारा मरत होता. मागे व्हायोलिनं, आणि त्यांच्यावर एक शीळ. बाबांची शीळ! संध्याकाळी जिना चढताना ते हीच घालायचे. ते दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी दार उघडून उभी असायची.

मी ढसाढसा रडले. मेली ती व्हायोलिनं! आणि दादा आरामात मान डोलावत बघत होता.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस?" मी ओरडले.

"रडलीस ना? मग जमलंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला, तेव्हा कळलं. बाबांचा पुढचा दात अर्धा तुटलेला. शिळेच्या तिसऱ्या वळणावर हवा निसटायची आणि सूर घसरायचा, रोज, न चुकता. इथे तो सरळसोट होता.

"तू बाबांचा दात बसवलास," मी म्हटलं.

"अगं, मीच आठवून घातलीय ती. बाबांचं बेसूर होतं. जरासं नीट केलं, एवढंच."

"तेवढेच तर बाबा होते, नालायका! दुसरं काय उरलंय माझ्याकडे? ते घालायचे तशी घाल."

"एवढं येतंय तर तूच घाल की. माईक आहे समोर."

तणतणत मी काचेपलीकडच्या खोलीत गेले, हेडफोन लावला, शीळ घातली. तिसरं वळण सरळ गेलं. पुन्हा घातली, जीभ दातामागे ओढून. सरळच. मग डोळे मिटले. जिना आठवला, बाबांची पावलं आठवली, दाराची कडी आठवली. पण वळण आलं की मागून ती व्हायोलिनं उठायची आणि सूर अलगद उचलून धरायची. खरी शीळ कशी होती? परवापर्यंत मला झोपेतसुद्धा येत होती. तिसऱ्यांदा घातली.

काचेपलीकडे दादाने अंगठा वर केला. हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "वा! एकदम सुरात. हीच ठेवू या."

मी चौथ्यांदा ओठ जुळवले.