टेबल वाजलं, ठराव झाला

मित्रांनो, आज मी नगरपालिकेच्या गोदामात ब्लिचिंग पावडरची पिंपं अंगावर घेऊन उभा आहे. एकेकाळी मात्र आमच्या गावचा एकही ठराव माझ्यावाचून होत नसे. मी सभागृहातलं जुनं टेबल. लोक टेबल म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण मनातून मी स्वतःला सागच समजतो आणि सागाच्याच ऐटीत बोलतो. तेवढं सांभाळून घ्या. गावाचं नाव मात्र विचारू नका. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. गावाची अब्रू मी अजून राखतो, जरी गावानं माझी राखली नाही.

माझा जन्म उटनूरकडच्या जंगलात झाला. चोरट्यांनी मला तोडलं, जंगलखात्यानं त्यांच्याकडून सोडवलं आणि मग डेपोत पावसाळेच्या पावसाळे विसरून टाकलं. १९८१ साली नगरपालिकेला नवं सभागृह मिळालं, तेव्हा मारोती सुतारानं मला हुडकून काढलं. त्यानं मला रंधा मारला, घासलं, तेल पाजलं आणि शेवटी माझ्या छातीवर तळहात आपटून पाहिला. असा खणखणीत आवाज निघाला की बाहेर बिडी ओढत बसलेला शिपाई दचकून उठला. मारोती हसला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

माझ्या याच आवाजामुळे आमच्या सभागृहात एक रीत पडली. इतर गावांत म्हणे सभासद हात वर करतात आणि कोणीतरी ते मोजतं. आमच्या चेअरमन साहेबांना मोजामोजीचा कंटाळा. ऑफिसातला मॅनेजर तेलुगूत विषय वाचायचा, चेअरमन मान वर करून "आमोदमेना?" म्हणायचे, म्हणजे मंजूर आहे ना, आणि सगळे सभासद माझ्यावर तळहात आपटायचे. टेबल वाजलं की ठराव झाला. चहा थंड व्हायच्या आत सगळं उरकत असे.

खूप विषय मी ऐकले. खांबावरचे बल्ब, मोकाट डुकरं, आठवडी बाजारातल्या ओट्यांचा लिलाव, कापसाच्या हंगामात जैनथकडून येणाऱ्या गाड्यांनी जिनिंगपुढचा रस्ता अडतो त्याची तक्रार. एक गटार तर दर सभेला तुंबायचं, आणि ते साफ करायचा ठराव दर सभेला व्हायचा. मधली काही वर्षं निवडणूकच झाली नाही. तेव्हा एक अधिकारी एकटाच बसून माझ्यावर सह्या करी आणि मला कोणी वाजवत नसे. त्या शांततेत मी कंटाळून गेलो होतो. लोक परत यावेत, गडबड व्हावी, असं मला वाटे.

१९९५ साली निवडणूक झाली आणि गडबड आली. बायकांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या, म्हणून माळीपुऱ्यातून मथुराबाई निवडून आल्या. भाजीपाला पिकवणारं घर, माहेर वांकिडीचं, शाळा चौथीपर्यंत आणि तीही मराठी. वांगी-मेथी विकण्यापुरती तेलुगू त्यांना येत असे. भाव सांगता येई, घासाघीस करता येई. कागदावरची तेलुगू मात्र त्यांच्या डोक्यावरून जाई. नेसून आलेलं हिरवं लुगडं नवं होतं. खुर्चीच्या अगदी कडेवर त्या बसल्या होत्या, जणू कोणी उठवायला येणार आहे.

त्यांच्या शेजारी पांडुरंगराव बसत. किराणा दुकानाचे मालक, बाजारवार्डाचे सभासद. घरी मराठी, दुकानात हिंदी, ऑफिसात तेलुगू, अशा तिन्ही भाषांत ते सारखेच वावरत. मथुराबाईंना त्यांचा मोठा आधार वाटला.

बाई एकच मागणं घेऊन आल्या होत्या. माळीपुऱ्यात एकच गोड्या पाण्याची विहीर. सगळा वार्ड तिचं पाणी पितो, पण तिला कठडा नाही. चेअरमननी बोला म्हणताच बाई उभ्या राहिल्या आणि माझी कड घट्ट धरली. 

"सायेब, आमच्या माळीपुऱ्याच्या इहिरीले कठडा पाह्यजे. पोट्टे खेळतेत तिथं. पावसाळ्यात वरचं गढूळ पाणी सरळ इहिरीत येते. दुसरं काई मांगत नाई मी."

चेअरमन मराठी जेमतेम समजत. त्यांनी मान हलवली, मॅनेजरला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मॅनेजरनं कागद उलटला आणि पुढचा विषय वाचायला घेतला. त्या तेलुगू वाक्यांमधून "माळीपुरा" हे नाव स्वच्छ ऐकू आलं, एकदा नाही, दोनदा. बाईंचा चेहरा उजळला. आपलाच कठडा वाचला जातोय, असं त्यांना वाटलं. दुसरं काय वाटणार?

पण मी बरीच वर्षं तेलुगू ऐकलेली होती. तो विषय कठड्याचा नव्हता. बाजारामागचा कचरा आणि मेलेली जनावरं यापुढे माळीपुऱ्याच्या वरच्या अंगाला, अमुक सर्वे नंबरात टाकावी, असा तो विषय होता. त्या उजाड, खडकाळ जागेला माळीपुऱ्यातलं शेंबडं पोरही बोरीचं बरड म्हणतं. पण बोरीचं बरड हे नाव कागदात कुठंच नव्हतं. बरडाचा उतार थेट विहिरीकडे येतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"आमोदमेना?" चेअरमन म्हणाले.

सगळ्यांत पहिला हात मथुराबाईंचा पडला. दोन्ही हात. इतक्या आनंदानं मला मारोतीनंतर कोणी वाजवलं नव्हतं. त्यांच्या बांगड्या माझ्या अंगावर खळखळल्या. पांडुरंगरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. बाईंना समजलं नाही, हेही समजलं होतं. पण कचऱ्याचा ढीग त्यांच्याच दुकानामागे होता, आणि गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून यायची. त्यांनी तोंड मिटलं आणि हात आपटला. मला त्या माणसाचा राग आला, आणि अजूनही आहे.

बाईंनी त्या दिवशी वार्डात साखर वाटली म्हणे. कठडा मंजूर झाला म्हणून त्यांची सून कुसुम घरोघर सांगत हिंडली. मग एका सकाळी ट्रॅक्टर आले. त्यांत विटा असतील म्हणून पोरं मागे धावली. ट्रॅक्टर विहिरीपाशी थांबले नाहीत. बरडावर गेले आणि तिथं रिकामे झाले.

पुढच्या सभेला मथुराबाई आल्या त्या थेट चेअरमनपुढे उभ्या राहिल्या. "कोनं टाकाले सांगतलं तिथं? खाली आमची इहीर हाये!"

चेअरमन रागावले नाहीत. ते मनानं वाईट नव्हते, फक्त घाईत असत. ते हिंदीत म्हणाले, "अम्मा, पहले आपका ही हाथ बजा. हमने तो बाद में बजाया."

बाईंना आधी काही उमगेना. मग त्या हळूहळू खाली बसल्या. पांडुरंगरावांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमाले तर समजत होतं. मले काऊन सांगतलं नाई?"

"मले वाटलं तुमाले समजलं," पांडुरंगराव म्हणाले. "तुमचा हात तर माझ्या आधी वाजला, बाई."

ते बाईंकडे न बघता बोलत होते. बाईंनी ठराव बदलायला सांगितला. मंजूर झालेला ठराव इतक्या लवकर फिरवता येत नाही, असं मॅनेजरनं नियमानुसार सांगितलं. मग खांबावरच्या बल्बचा विषय निघाला.

पावसाळा आला. बरडावरची घाण उतारानं खाली आली आणि कठडा नसलेल्या विहिरीत शिरली. माळीपुऱ्यात हगवण-उलटी सुरू झाली. लोकांनी पाणी उकळून पाहिलं, तुरटी फिरवून पाहिली. वार्डातल्याच नागोरावांची धाकटी लेक गेली. शेजारची म्हातारी गयाबाई गेली. आणि मथुराबाईंची सून कुसुम, जी कठड्याची बातमी घरोघर सांगत हिंडली होती, ती बैलगाडीतून दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेली. मित्रांनो, हे सांगताना मला वाईट वाटतं, पण न सांगून कसं चालेल?

त्यानंतरच्या सभेला मथुराबाई येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या. साधं जुनेर नेसून, कोणाकडे न पाहता आपल्या खुर्चीत बसल्या. पहिला विषय दुखवट्याचा होता. मॅनेजरनं तेलुगूत तो वाचला, गेलेल्यांची नावं वाचली, सगळे उभे राहिले आणि बसले. आता पुढच्या विषयाकडे वळायचं होतं. पण चेअरमनच्या जिभेला वळण पडलं होतं. ते सवयीनं म्हणाले, "आमोदमेना?"

आणि सभासदांनी सवयीनं टेबल वाजवलं.

मी वाजलो. मला न वाजणं जमत नाही, माझी जातच तशी. काही हात अर्ध्यावर थांबले, काही पडले. दारातला शिपाईसुद्धा खाली बघू लागला.

मथुराबाईंनी शांतपणे विचारलं, "भाऊ, काय वाचलं?"

पांडुरंगराव हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या सुनेचं वाचलं, बाई. दुखवट्याचं."

"अन् टेबल काऊन वाजवलं?"

  मॅनेजरनं घाईघाईनं कागद उलटला आणि पुढचा विषय वाचू लागला. त्यात पुन्हा माळीपुऱ्याचं नाव आलं. या वेळी मात्र पांडुरंगराव न विचारता बाईंकडे वाकले. "बाई, आयका. इहिरीचं पाणी बिघडलं म्हनून इहीर बुजवाची म्हनून राह्यले. वार्डात टँकर धाडतो म्हनतेत."

मथुराबाई उभ्या राहिल्या. "इहीर काऊन बुजवता? इहिरीनं काय केलं? बरडावरची घान उचला. इहीर आमी उपसतो, आमचे मानसं उपसतीन. तिच्यातच आमचे आजे-पंजे पानी पेले. नका बुजवू, सायेब."

चेअरमननी बाईंचं ऐकून घेतलं. कचरा हलवायला दुसरी जागा शोधावी लागेल, त्याला वेळ लागेल, आणि लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं ते हिंदीत समजावू लागले. बोलणं ऐकायला खरं वाटत होतं. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं. मग त्यांनी मान वर केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

हात पडले. पांडुरंगरावांचा हात हवेत उठला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग माझ्यावर टेकला. वाजला म्हणावा असा नाही, पण टेकला. मथुराबाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

"सर्वानुमते मंजूर," मॅनेजर म्हणाला. हे शब्द त्यानं मराठीत म्हटले, कदाचित बाईंना समजावेत म्हणून.

"सर्वाईचं कसं?" बाई म्हणाल्या. "माझा हात नाई वाजला. लिवा तसं."

"बाकी सब का बजा ना, अम्मा," चेअरमन म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं.

आमच्या रीतीत ही एक खोट होती, आणि इतक्या वर्षांत ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. हो म्हणणाऱ्याचा आवाज व्हायचा. नाही म्हणणाऱ्याला काही आवाजच नव्हता.

सभा संपली. लोक चहाला बाहेर गेले. मथुराबाई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी पहिल्या सभेत जिथं दोन्ही हात आपटले होते, तिथं माझ्यावर कपाळ टेकलं आणि रडल्या. "मीच वाजवलं व माय," त्या म्हणत होत्या, "कुसुम, मीच वाजवलं." त्यांना सांगावं, बाई, तुमचा एकटीचा हात नव्हता, असं मला फार वाटलं. पण लाकडाला कुठे बोलता येतं? मला फक्त दुसऱ्यांच्या हातानं वाजता येतं.

विहीर बुजवली. त्यानंतरही मथुराबाई आपली मुदत संपेपर्यंत प्रत्येक सभेला येत राहिल्या. दर विषयाला उभं राहून म्हणायच्या, "मराठीत सांगा, अन् जागेचं नाव सांगा." सभासद कुरकुरत, सभा लांबत, चहा थंड होई. बरडावरचा कचरा काही हलला नाही. पुढे सनमायकाचं नवं टेबल आलं आणि मी इथं आलो.

मित्रांनो, मला बाहेर काढा, पॉलिश करा, असं मी म्हणणार नाही. ओल लागून माझा एक पाय कुजला आहे, त्याचंही मला काही नाही. तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी अशाच टेबलाभोवती बसाल. न समजलेल्या गोष्टीला हात उचलू नका, एवढं तर तुम्हाला कोणीही सांगेल. मी दुसरं सांगतो. तुम्हाला समजलं असेल आणि शेजारच्याला समजलं नसेल, तर त्यानं विचारायची वाट पाहू नका. त्याचा हात पडायच्या आधी तो धरा आणि त्याला सांगा. पांडुरंगरावांनी ते एकदा केलं, पण तोवर कुसुम गेली होती.

माळीपुऱ्यात आता टँकर येतो. कधी येतो, कधी येत नाही, आणि बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसून राहतात.